आवाज कुणाचा, नाव कुणाचं? रेगेटॉनच्या राणीची गोष्ट

ही या आठवड्याच्या भागाची लिखित आवृत्ती. बोलताना घेतलेले श्वास आणि "अं... अं..." काढून टाकलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय. ज्यांना ऑफिसात हेडफोन लावून ऐकता येत नाही त्यांच्यासाठी खास.

सुरुवात एका अशा गाण्यापासून करू, जे स्पॅनिशचा एक शब्दही येत नसला तरी तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असणार. "गॅसोलिना". साल २००४, गायक डॅडी यांकी. डोक्यात वाजायला लागलं? आता नीट आठवा. त्या गाण्याचं ध्रुवपद एकटा यांकी म्हणत नाही. तो एक ओळ टाकतो आणि एक बाई त्याला उत्तर देते, तिला आणखी हवंय म्हणून. ते उत्तर काढून टाका, गाणं लंगडं होतं.

ती बाई कोण? तिचं नाव ग्लोरिमार मोंताल्वो, गाण्यातलं नाव ग्लोरी. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं हे गाणं राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतलं. रेगेटॉनमधलं हा मान मिळालेलं पहिलंच गाणं. जगाच्या लक्षात राहिलं ते गाणं डॅडी यांकीचं म्हणून. गाण्याच्या नावापुढे ग्लोरीचं नाव नाही.

आणि हा काही अपवाद नव्हता. त्या काळात रेगेटॉनमध्ये बाईचा आवाज भरपूर ऐकू यायचा: उत्तर द्यायला, उसासे टाकायला, हुक म्हणायला. नाव मात्र पुरुषाचं. आज ज्या बाईबद्दल बोलायचंय तिनं नेमकं हेच नाकारलं. तिनं हुक म्हणायचं नाकारलं आणि अख्खं गाणं मागितलं. तिचं नाव आयव्ही क्वीन.

आधी थोडं तालाबद्दल

रेगेटॉनचा ताल ओळखणं सोपं आहे. टेबलावर बोटं ठेवा आणि आठ मात्रा मोजा, पण गट पाडा तीन, तीन, दोन असे. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. प्रत्येक गटाच्या पहिल्या मात्रेला टिचकी मारा. खाली पायानं चार-चारचा सरळ ठेका चालू ठेवा. केरव्यालाही आठच मात्रा, पण तो चार-चारमध्ये विभागतो. इथे वरचा हात आणि खालचा पाय एकमेकांशी भांडतात, आणि त्या भांडणातून कंबर हलते. झालं, हाच तो ताल.

याचं नाव "डेम बो". नाव आलं जमैकाच्या शॅबा रँक्सच्या १९९० सालच्या गाण्यावरून. जमैकात एक जुनी पद्धत आहे. वाद्यांचा एक ट्रॅक तयार करायचा, त्याला "रिडिम" म्हणायचं, आणि मग त्याच रिडिमवर दहा गायकांनी आपापली गाणी म्हणायची. आमच्या भाषेत सांगायचं तर ओपन सोर्स लायब्ररी. एकानं लिहिली, सगळ्यांनी फोर्क केली.

हा ताल जमैकातून थेट पोर्तो रिकोला गेला नाही, मध्ये पनामा आलं. १९०४ ते १९१४ या काळात अमेरिकेनं पनामा कालवा बांधला, तेव्हा खणायला बार्बाडोस, जमैका अशा बेटांवरून हजारो कृष्णवर्णीय मजूर आणले. त्यांची नातवंडं-पतवंडं पनामात स्पॅनिश बोलत मोठी झाली, पण घरात आजी-आजोबांची बेटं जिवंत होती. जमैकाचं रेगे त्यांनी स्पॅनिशमध्ये गायला घेतलं. नांदो बूम आणि एल हेनेराल ही त्यातली मोठी नावं. तिकडे न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोची पोरं हिपहॉपमध्ये वाढत होती. कॅसेट, विमानं आणि चुलत-मावस भावंडं यांच्यामार्फत हे सगळं पोर्तो रिकोला पोचलं आणि तिथे त्याचं मिश्रण झालं.

बेट आणि त्यावरचे पोलीस

पोर्तो रिको हे कॅरिबियन समुद्रातलं बेट, क्षेत्रफळानं आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही लहान. १८९८ साली स्पेनकडून अमेरिकेकडे आलं. १९१७ पासून तिथले लोक अमेरिकेचे नागरिक, पण बेटावर राहत असाल तर राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. नागरिक आहात, पण अर्धे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

१९९३ साली तिथल्या गव्हर्नरनं, पेद्रो रोसेयो यांनी, गुन्हेगारीविरुद्ध "मानो दुरा" म्हणजे "कठोर हात" नावाचं धोरण आणलं. गरिबांच्या सरकारी वसाहतींमध्ये, ज्यांना तिथे "कासेरियो" म्हणतात, नॅशनल गार्डचे सशस्त्र जवान घुसवले. आणि याच वसाहतींमध्ये ते नवं संगीत वाजत होतं. रेगेटॉन हा शब्द तेव्हा रुळला नव्हता, लोक त्याला नुसतं "अंडरग्राउंड" म्हणायचे. घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेट, हातोहात विक्री, आणि गाण्यांत शिव्या, सेक्स, गांजा, पोलीस, सगळंच.

फेब्रुवारी १९९५ मध्ये पोलिसांनी सान हुआन भागातल्या सहा दुकानांवर छापे घातले आणि अश्लीलतेच्या नावाखाली शेकडो कॅसेट आणि सीडी जप्त केल्या. परिणाम काय झाला असेल? बरोबर. ज्यांनी हे संगीत कधी ऐकलं नव्हतं त्यांनाही ते काय आहे हे कळलं.

आन्यास्कोची मार्था

मार्था इव्हेलिसे पेसांते. जन्म ४ मार्च १९७२, गाव आन्यास्को, पोर्तो रिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर. लहानपणीचा काही काळ न्यूयॉर्कमध्ये गेला, मग परत गावी. न्यूयॉर्कनं तिला हिपहॉप दिलं, गावानं आवाजाची माती दिली. आवाजही कसा? खर्जातला, जाड, खरखरीत. रेडिओवर ऐकून "हा कोण पोरगा?" असं विचारावं असा. त्यावरून तिला बोलणी खावी लागली. आपल्याकडेही बाईचा आवाज म्हटलं की बारीक आणि गोड हवा असतो, तिथेही तसंच होतं.

ती सान हुआनला आली आणि डीजे नेग्रो यांच्या "द नॉइज" या गटात शिरली. नॉइज हा क्लब पण होता आणि तरुण रॅपर्सचा गटही. या गटातली ती एकमेव मुलगी. पोर्तो रिकोत तिच्याआधी बाईनं रॅप केलंच नव्हतं असं नाही. लिसा एम १९८० च्या दशकाच्या शेवटी रॅप करत होती. पण अंडरग्राउंडच्या या कॅसेटवाल्या जगात, पुरुषांच्या घोळक्यात, स्वतः लिहिलेले शब्द घेऊन उभी राहणारी आणि तिथे टिकणारी ही.

नॉइजसाठी तिनं जे पहिलं गाणं केलं त्याच्या नावाचा अर्थ आहे: आम्ही रॅपर आहोत, पण गुन्हेगार नाही. साल १९९५. म्हणजे छाप्यांचंच साल. आता विचार करा. तेवीस वर्षांची मुलगी, गटात एकटी बाई. पहिल्याच गाण्यात ती "मी बाई आहे, मला जागा द्या" म्हणत नाही. ती "आम्ही" म्हणते. ज्या पोरांनी तिला जागा द्यायला कुरकुर केली असेल, त्या सगळ्या पोरांची वकिली ती करते. मला तिच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात हुशार चाल वाटते. ठरवून केली की आपोआप झाली, कोण जाणे. पण ज्याला सगळ्यांच्या वतीनं बोलता येतं, त्याला "तू इथली नाहीस" असं म्हणणं अवघड जातं.

कपडेही तसेच. ढगळ पँट, ढगळ शर्ट, केसांच्या वेण्या. शरीर दिसायला नको, शब्द ऐकू यायला हवेत. पुढे जम बसल्यावर तिनं हे सगळं उलटं केलं. लांबच लांब रंगीत नखं ही तर तिची ओळखच झाली. म्हणजे आधी मैदानात शिरण्यासाठी कपडे, आणि नंतर मनाला येतील ते कपडे. नोकरीच्या पहिल्या वर्षी आपण काय घालून गेलो आणि पाचव्या वर्षी काय, हे आठवून बघा मुलींनो.

सोनी आली, सोनी गेली

१९९७ साली सोनीनं तिचा पहिला अल्बम काढला, "एन मी इंपेरियो", म्हणजे "माझ्या साम्राज्यात". पंचविशीतल्या पोरीनं पहिल्याच अल्बमला साम्राज्य म्हणावं! १९९८ साली दुसरा, "द ओरिजिनल रूड गर्ल". यात फ्युजीजचा वायक्लेफ जाँ तिच्यासोबत एका गाण्यात होता, आणि इंग्रजी-स्पॅनिश दोन्ही श्रोते पकडायचा प्रयत्न होता. चाललं नाही. सोनीनं करार संपवला.

खूप जणांची गोष्ट इथेच संपते. मोठी कंपनी आली, दोन संधी दिल्या, गेली. तिनं मधली वर्षं इतरांच्या संकलनांमध्ये एकेक गाणं देत काढली. दिसत राहिली, ऐकू येत राहिली.

दरम्यान बेटावर दुसरं वादळ उठलं. २००२ साली सिनेटर वेल्दा गोन्सालेस यांनी रेगेटॉनच्या व्हिडिओंविरुद्ध आणि "पेर्रेओ" या नाचाविरुद्ध मोहीम उघडली. पेर्रो म्हणजे कुत्रा. पेर्रेओ म्हणजे असा नाच, ज्यात बाई पुढे पाठमोरी आणि पुरुष तिच्या मागे खेटून. नावात काय ते आलंच. गंमत अशी की राजकारणात येण्याआधी वेल्दा गोन्सालेस स्वतः नृत्य आणि विनोदी अभिनय करणाऱ्या कलाकार होत्या. त्यांचं म्हणणं होतं की या व्हिडिओंमध्ये बाई नुसती वस्तू झाली आहे. आणि खरं सांगू? व्हिडिओ बघितले तर ते म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं.

म्हणजे बाईसाठी दोनच खुर्च्या ठेवल्या होत्या. एक, व्हिडिओत मागे नाचणारी, जिला बोलायला तोंड नाही. दुसरी, बाहेर उभं राहून "बंद करा हे" म्हणणारी. आयव्ही क्वीननं तिसरी खुर्ची ओढून आणली.

"नाचणार, पण..."

२००३ साली एका छोट्या स्वतंत्र कंपनीकडून "दीवा" हा अल्बम आला. त्या काळातलं तिचं गाणं, जे पुढे अल्बमच्या नव्या आवृत्तीत घातलं गेलं, ते म्हणजे "किएरो बायलार". अर्थ सरळ: मला नाचायचंय.

गाण्यात घडतं काय? बाई डान्स फ्लोअरवर आहे. पुरुष जवळ येतो. ती त्याला झिडकारत नाही. उलट ये म्हणते, खेटून नाच म्हणते, घाम निघेपर्यंत नाच म्हणते. तिला मजा येतेय आणि ती ते लपवत नाही. आणि मग स्पष्ट सांगते की नाचायला हो म्हटलं म्हणजे पुढच्या सगळ्याला हो म्हटलं असं नाही.

आज आपण याला "कन्सेंट" म्हणतो, त्यावर ऑफिसमध्ये ट्रेनिंग होतात, स्लाइड्स असतात. हे गाणं २००३ सालचं आहे. ज्या नाचावर सिनेटमध्ये चर्चा झाली, त्याच नाचाच्या आत उभं राहून, त्याच तालावर, एक बाई अटी घालते. नाच वाईट आहे असं ती म्हणत नाही, आणि नाचलीस म्हणजे तू अशीच, हेही मान्य करत नाही.

हे गाणं बेटापुरतं राहिलं नाही. मायामीतल्या एका मोठ्या इंग्रजी रेडिओ स्टेशनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं पूर्ण स्पॅनिश गाणं ठरलं. "दीवा"ला अमेरिकेत लॅटिन प्लॅटिनम मिळालं. ज्या बाईला मोठ्या कंपनीनं सोडून दिलं होतं, तिनं कंपनीशिवाय हे केलं. पुढच्याच वर्षी "गॅसोलिना" आलं आणि रेगेटॉन जगभर गेलं, पण दार उघडताना ती आधीच आत होती.

मग "रेआल" (२००४), "फ्लॅशबॅक" (२००५), "सेंतिमिएंतो" (२००७), "ड्रामा क्वीन" (२०१०), "मुसा" (२०१२). २००५ साली रॅपर ग्रान ओमारशी तिचा घटस्फोट झाला. त्याच सुमाराच्या "ते ए केरिदो, ते ए योरादो" या गाण्यात तिनं डॉमिनिकन बचाता संगीत रेगेटॉनमध्ये मिसळलं. नावाचा अर्थ: तुझ्यावर प्रेम केलं, तुझ्यासाठी रडले. रॅपर बाईनं कणखरच असायला हवं, हा नियमही तिनं पाळला नाही. रडायचं तेव्हा रडली, आणि तेही त्याच जाड आवाजात.

आता जरा माझं

इतिहासाच्या भागात मी मध्येच का येतेय? कारण हा विषय मी का निवडला हे सांगायला हवं. एका जुन्या प्रोजेक्टवर मी एक मॉड्यूल लिहिलं होतं. अडीच महिने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी एकटीनं. क्लायंटसमोर डेमो मात्र दुसऱ्यानं दिला, आणि नंतर सगळे ते मॉड्यूल त्याच्याच नावानं ओळखू लागले. कुणी मुद्दाम केलं असंही नाही. तो चांगला बोलायचा, मीटिंगला तो होता, झालं. कमिट हिस्टरीत माझं नाव आजही असेल, पण ती उघडून बघतो कोण?

म्हणून ग्लोरीची गोष्ट वाचली तेव्हा मी थांबले. गाण्याचं क्रेडिट हा शेवटी एक डेटा फील्डच असतो. ते भरलं नाही तर गाणं वाजायचं थांबत नाही, कुठलाच एरर येत नाही. आणि म्हणूनच ते रिकामं राहतं.

बापाच्या काळात छापे, लेकाच्या काळात पेर्रेओ

आता २०१९ मध्ये या. पोर्तो रिकोचे गव्हर्नर आहेत रिकार्दो रोसेयो. आडनाव ओळखीचं वाटलं? कठोर हातवाल्या पेद्रो रोसेयोंचे चिरंजीव. त्यांची आणि त्यांच्या माणसांची खासगी टेलिग्राम चॅट फुटली, तब्बल ८८९ पानं. त्यात बायकांबद्दल, समलिंगी लोकांबद्दल घाण विनोद, आणि २०१७ च्या मारिया चक्रीवादळात मेलेल्यांबद्दलही. बेट पेटलं. लाखो लोक रस्त्यावर उतरले. २४ जुलैच्या रात्री तरुण मुलंमुली जुन्या सान हुआनच्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर जमली आणि तिथे पेर्रेओ नाचली. "लढाऊ पेर्रेओ" हे त्याचं नाव. त्याच रात्री गव्हर्नरनं राजीनामा जाहीर केला.

नाचामुळे सरकार पडलं असं मी म्हणणार नाही. सरकार लोकांच्या रागामुळे पडलं. पण ज्या संगीतावर बापाच्या काळात छापे पडले, तेच संगीत लेकाच्या शेवटच्या रात्री चर्चच्या दारात वाजलं. आणि तिथे नाचणाऱ्यांत बायका होत्या, समलिंगी आणि ट्रान्स मंडळी होती. "डेम बो" या मूळ गाण्यात समलिंगी माणसांची हेटाळणी आहे, हेही लक्षात घ्या. ताल तोच राहिला, त्यावर नाचणाऱ्यांनी अर्थ बदलला.

पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, बॅड बनीचं "यो पेर्रेओ सोला" आलं. अर्थ: मी एकटीच पेर्रेओ नाचते. विषय तोच. बाईला एकटीनं नाचायचंय, तिला तिचं नाचू द्या. गाण्यातलं मुख्य वाक्य बाईच्या आवाजात आहे. तो आवाज नेसी नावाच्या तरुण गायिकेचा. आणि मूळ गाण्यावर नाव? फक्त बॅड बनी. सोळा वर्षांनी पुन्हा तेच! बायकांच्या हक्काचं गाणं, आणि बाईचं नाव गायब. लोकांनी विचारलंही, नाव का नाही म्हणून. मग त्याच वर्षी रीमिक्स आला, त्यावर नेसीचं नाव छापलं गेलं, आणि तिच्यासोबत आणखी एक नाव: आयव्ही क्वीन. बिलबोर्डच्या लॅटिन पुरस्कार सोहळ्यात दोघी त्याच्याबरोबर ते गायल्या. "किएरो बायलार"नंतर सतरा वर्षांनी त्याच विषयावरच्या गाण्यात तिला बोलावणं, ही एक प्रकारे उधारी फेडणंच होतं.

माईक तिच्याच हातात

आणि आता मला पॉडकास्टवाली म्हणून सगळ्यात आवडलेला भाग. २०२१ साली स्पॉटिफाय आणि फ्युचुरो स्टुडिओज यांनी रेगेटॉनच्या इतिहासावर "लाउड" नावाची दहा भागांची पॉडकास्ट मालिका काढली. पनामापासून आजपर्यंत सगळं त्यात आहे. निवेदक कोण असेल? कुणी प्राध्यापक नाही, कुणी पत्रकार नाही. आयव्ही क्वीन. तोच खर्जातला आवाज, इंग्रजीत स्पॅनिश मिसळत, हा सगळा इतिहास सांगतो. नॉइजमधली एकटी मुलगी त्या सगळ्या पोरांचा इतिहास सांगायला बसली, आणि आता कुणाचं नाव घ्यायचं हे तिच्या तोंडात होतं.

त्याच वर्षी कोलंबियाच्या करोल जीनं आपल्या अल्बमचा शेवट "लेयेंदास", म्हणजे "दंतकथा", या गाण्यानं केला. त्यात जुन्या दिग्गजांसोबत आयव्ही क्वीन आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत करोल जीचा पुढचा अल्बम आला आणि तो थेट बिलबोर्ड २०० च्या पहिल्या क्रमांकावर उतरला. बाईचा स्पॅनिश अल्बम तिथे पहिल्यांदाच पोचला. पुढच्याच महिन्यात बिलबोर्डनं आयव्ही क्वीनला आयकॉन पुरस्कार दिला.

हे सगळं तिच्यामुळेच झालं असं सरसकट म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. बाजार बदलला, स्ट्रीमिंग आलं, श्रोत्या बायकांची संख्या दिसायला लागली. आणि मधली अनेक वर्षं रेगेटॉनमध्ये मोठं बाईचं नाव म्हणजे ती एकटीच, ही काही अभिमानाची गोष्ट नाही. एकच राणी असते तेव्हा बाकीच्यांसाठी दार बंद आहे असा त्याचा अर्थ होतो. पण एका बाबतीत श्रेय तिचंच आहे. तिनं आपले शब्द स्वतः लिहिले. हुक म्हणणाऱ्या बाईचं नाव गाळता येतं. गाणं जिनं लिहिलंय आणि जी ते स्वतःच्या नावावर गाते, तिचं नाव गाळायला जागाच उरत नाही.

तर ऐकायचं असेल तर सुरुवात "किएरो बायलार"पासून करा, मग "ते ए केरिदो", आणि मग सुट्टीच्या दिवशी "लाउड". आणि एक छोटा गृहपाठ. तुमच्या आवडत्या कुठल्याही गाण्याचं क्रेडिट्सचं पान ॲपमध्ये उघडा. भाषा कुठलीही चालेल. ऐकू येणारा प्रत्येक आवाज तिथे आहे का बघा. नसेल तर शोधून काढा आणि कॉमेंटमध्ये त्या माणसाचं नाव लिहा. पुढच्या भागाच्या सुरुवातीला मी ती सगळी नावं मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, आणि नाचायचं असेल तर नाचा!